कमी दिवसांचे बाळ : दूध, वजन आणि डोळे

अँटॉप हिलच्या एका आजीबाईंनी आम्हाला प्रश्न विचारला आहे. त्यांची सून साडेसातव्या महिन्यात बाळंत झाली. बाळ दीड किलोचे. वीस दिवस इस्पितळात काचेच्या पेटीत होते, आता घरी आले आहे, आईचे दूध घेते, अंग धरू लागले आहे. घरात आनंद आहे. सुटी देताना डॉक्टरांनी कार्डावर डोळे तपासण्याची तारीख लिहून दिली. आजीबाई म्हणतात, "नातू टकामका बघतो. डोळ्याला ना चिपडं, ना लाली. मग एवढ्याशा जिवाला पुन्हा दवाखान्याच्या गर्दीत कशाला न्यायचं? आणि सुनेला माहेरी गावाला पाठवायचं ठरलंय, ते लांबवायचं का?"

आजीबाई, बाळाला न्या. दिलेल्या तारखेलाच न्या. आणि माहेर थोडे लांबवा. माहेर कुठे पळून जात नाही, ही तारीख मात्र निघून गेली तर परत येत नाही. हाच प्रश्न वडाळा, प्रतीक्षानगर, कोकरी आगर, धारावी इथल्या कितीतरी घरांत असणार, म्हणून या वेळचे सदर आम्ही याच विषयाला देत आहोत.

बाळ आईच्या पोटात असताना त्याच्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्तवाहिन्या तयार होत असतात. हे काम साधारण सोळाव्या आठवड्याला सुरू होते. डोळ्याच्या मुख्य नसेपासून निघून या वाहिन्या हळूहळू पडद्याच्या कडेपर्यंत जातात आणि दिवस पूर्ण भरतात तेव्हा, म्हणजे चाळिसाव्या आठवड्याच्या सुमारास, काम पुरे होते. जे बाळ तिसाव्या किंवा बत्तिसाव्या आठवड्यात जन्माला येते त्याचे हे काम अर्धवटच राहिलेले असते. नवीन इमारतीत नळ शेवटच्या मजल्यापर्यंत पोहोचण्याआधीच बिऱ्हाड राहायला यावे, तसे हे आहे. पाणी न मिळालेला भाग ओरड करतो. मग घाईघाईने वेड्यावाकड्या, कच्च्या वाहिन्या फुटू लागतात. त्यांतून रक्त झिरपते, व्रण होतो, आणि तो व्रण पडदा ओढून जागचा सोडवतो. पडदा पूर्ण सुटला की दृष्टी जवळजवळ गेलीच. डॉक्टर या रोगाला थोडक्यात आर.ओ.पी. म्हणतात. ही तीन अक्षरे कार्डावर कुठे दिसतात का, ते प्रत्येकाने पाहावे.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट अशी की हे सारे डोळ्याच्या आत चालते. बाहेरून डोळा स्वच्छ, काळाभोर, सुंदर दिसतो. बाळाला दुखत नाही, ते रडत नाही. बाहुलीत पांढरेपणा दिसू लागतो, बाळ आईच्या तोंडाकडे बघत नाही हे घरच्यांच्या लक्षात येते, तेव्हा बहुधा तिसरा-चौथा महिना लागलेला असतो आणि उपचाराची वेळ टळून गेलेली असते. म्हणून आजी, आई, शेजारीण यांपैकी कुणाच्याही नजरेवर भरवसा ठेवून चालत नाही. बालरोगतज्ज्ञालाही नुसते बॅटरी मारून हे कळत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घालून, डोक्याला लावायच्या खास दिव्याने आणि भिंगाने नेत्रतज्ज्ञानेच पडदा बघावा लागतो, किंवा खास कॅमेऱ्याने त्याचे फोटो घ्यावे लागतात.

कोणाला न्यायचे, कधी न्यायचे? आपल्या देशातला नियम असा : जे बाळ चौतीस आठवडे भरण्याआधी जन्मले, किंवा ज्याचे जन्माचे वजन २००० ग्रॅमपेक्षा कमी होते, त्याची पहिली तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत झालीच पाहिजे. बाळ अठ्ठावीस आठवड्यांच्याही आधीचे असेल किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर दोन-तीन आठवड्यांतच. चौतीस ते छत्तीस आठवड्यांचे बाळ असेल पण फार आजारी पडले, बरेच दिवस प्राणवायू द्यावा लागला, जंतुसंसर्ग झाला, तर त्याचीही तपासणी डॉक्टर सांगतात. परदेशातली पुस्तके याहून लहान बाळांचीच काळजी करतात, पण आपल्याकडे दीड-पावणेदोन किलोच्या बाळांनाही हा रोग झालेला डॉक्टरांना दिसला आहे, म्हणून आपला नियम अधिक सावध आहे. जुळी असतील तर दोघांचीही तपासणी करायची. एकाचे डोळे ठीक निघाले म्हणून दुसऱ्याला घरी ठेवायचे नाही.

एक तपासणी झाली म्हणजे सुटलो, असेही नाही. पडद्यावरच्या वाहिन्या कडेपर्यंत पोहोचेपर्यंत दर आठवड्याला किंवा दोन आठवड्यांनी बोलावतात. तपासताना पापण्या उघड्या ठेवाव्या लागतात, बाळ रडते, आईच्या पोटात कालवाकालव होते. काम काही मिनिटांचेच असते. तपासणीआधी तासभर दूध पाजू नये आणि झाल्यावर लगेच छातीशी धरावे. बऱ्याच बाळांचा रोग आपोआप मागे हटतो. ज्यांचा वाढतो त्यांना लेझर उपचार करतात किंवा डोळ्यात औषधाचे इंजेक्शन देतात. मात्र उपचार हवा असे डॉक्टरांनी म्हटले, तर तो दोन-तीन दिवसांत व्हावा लागतो. "घरी विचारून सांगतो, अमावास्या होऊ द्या" हे इथे चालत नाही. इंजेक्शन दिलेल्या बाळाला पुढे आणखी जास्त दिवस दाखवत राहावे लागते, हेही ध्यानात ठेवावे.

प्राणवायूबद्दल एक गैरसमज आहे. "ऑक्सिजन लावल्याने आमच्या बाळाचे डोळे गेले" असे लोक बोलतात. यात अर्धे सत्य आहे. अमेरिकेतील बोस्टन येथील डॉ. टेरी यांनी १९४२ साली हा रोग प्रथम नोंदवला. तिथे काचेच्या पेट्या आल्या होत्या, प्राणवायू मुक्तहस्ते सोडला जात होता, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत जगभरात सुमारे १०,००० मुले या रोगाने आंधळी झाली. मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी १९५१ साली प्राणवायूकडे बोट दाखवले, मग तो एकदम कमी केला गेला. तेव्हा आंधळेपण घटले, पण कमी दिवसांची बाळे दगावू लागली. आज प्राणवायू मोजून देतात, बाळाच्या पायाला लावलेल्या यंत्रावर आकडा बघून कमीजास्त करतात. बाळाला तो लागतोच. आईबापांनी भिऊन "काढा ती नळी" म्हणू नये. आकडा किती ठेवायचा सांगितला आहे, एवढे मात्र विचारायला हरकत नाही.

आता पोटाकडे येऊ. डोळे आणि पोट यांचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध फार जवळचा आहे, आणि डॉक्टरांनाही तो गेल्या वीस-पंचवीस वर्षांतच नीट उमगला. पोटात असताना बाळाला वाढीचे एक द्रव्य मिळत असते. बाळ लवकर बाहेर आले की त्याचे प्रमाण एकदम खाली येते. ते पुन्हा वर यायला बाळाचे पोषण व्हावे लागते. ज्या बाळाचे वजन पहिल्या महिन्यात रेंगाळते, त्याच्या डोळ्यातल्या वाहिन्याही रेंगाळतात आणि पुढे वेड्यावाकड्या फुटण्याचा धोका वाढतो. स्वीडनमधील गोटेनबर्गच्या डॉक्टरांनी तर दर आठवड्याच्या वजनावरूनच कोणत्या बाळाच्या डोळ्यांना धोका आहे हे ओळखण्याची पद्धत बसवली. म्हणून परिचारिका रोज तराजूवर बाळ ठेवते तेव्हा ती डोळ्यांचीही नोंद घेत असते, असे समजावे. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन उतरते, त्याने घाबरू नये. दहा ते चौदा दिवसांत ते परत जन्माच्या वजनावर यावे आणि मग किलोमागे दिवसाला सुमारे पंधरा ग्रॅम वाढावे, अशी अपेक्षा असते.

आणि वजन वाढवायचे कशाने? आईच्या दुधाने. ज्या कमी दिवसांच्या बाळांना आईचे दूध मिळाले, त्यांच्यात या रोगाचे गंभीर प्रकार कमी आढळले, असे अनेक ठिकाणच्या पाहण्यांतून दिसले आहे. आतडी सडण्याचा जो भयंकर आजार या बाळांना होतो तोही आईच्या दुधावर कमी होतो. बाळ पेटीत, आई वॉर्डात, बाळाला चोखता येत नाही, अशा वेळी "दूध येतच नाही" असे म्हणून डबा आणायची घाई होते. चौतीस आठवड्यांच्या आधीच्या बाळाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ जमत नाही, हे खरे. पण दूध नळीने देता येते, नंतर वाटी-चमच्याने किंवा आपल्या जुन्या बोंडल्याने. बोंडले उकळून घेतलेले असावे, एवढेच. बाटली नको. आईने बाळंतपणानंतर पहिल्या काही तासांतच हाताने दूध काढायला सुरुवात करावी आणि दिवसरात्र मिळून आठ वेळा तरी काढावे. रात्रीचे चुकवू नये. पहिला चीक चमचाभरच येतो, तो पिवळट, घट्ट असतो. काही घरांत अजून तो "जड" म्हणून फेकतात. फेकू नका, त्याचा थेंब न थेंब बाळाचा आहे.

इथे अँटॉप हिलकरांना एक गोष्ट अभिमानाने सांगावीशी वाटते. आपल्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या सायनच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने मातृदुग्ध पेढी सुरू झाली. ही आशिया खंडातील अशी पहिली पेढी. पैशाची पेढी सर्वांना ठाऊक, ही दुधाची पेढी. ज्या मातांना आपल्या बाळाला पुरून दूध उरते, त्या ते दान करतात. दान करणाऱ्या मातेची एच.आय.व्ही., कावीळ 'ब' वगैरेंची रक्ततपासणी होते. दूध ६२.५ अंशांवर तीस मिनिटे तापवून निर्जंतुक करतात, तपासतात आणि गोठवून ठेवतात. मग ज्या इवल्या बाळाची आई आजारी आहे किंवा जिला अजून पुरेसे दूध उतरलेले नाही, त्या बाळाला ते मिळते. कोणाचे दूध कोणाच्या बाळाला गेले, हे तिथे कोणी विचारत नाही. जिथे एकेकाळी पाणवठ्यावरून माणसे हाकलली गेली, त्या देशात ही गोष्ट साधी नव्हे.

पेढीचे दूध हा आईच्या दुधाला दुसरा पर्याय, पहिला नव्हे. तापवल्याने त्यातील काही गुण कमी होतात. स्वतःच्या आईचे ताजे दूध मिळत असेल तर तेच उत्तम. दीड किलोपेक्षा लहान बाळाला नुसत्या दुधातून प्रथिने आणि चुना पुरे पडत नाहीत, तेव्हा डॉक्टर त्यात मोजून एक पूड मिसळायला सांगतात. जीवनसत्त्व 'ड' आणि पुढे लोहाचे थेंबही देतात. हे सारे डॉक्टरांच्या मापाने. २०२१ साली स्वीडनमधील एका चाचणीचा निकाल आला. अठ्ठावीस आठवड्यांच्या आतल्या २०९ बाळांची ती चाचणी होती, आणि ज्यांना दोन विशिष्ट स्निग्ध द्रव्ये दुधाबरोबर दिली त्यांच्यात गंभीर आर.ओ.पी. जवळजवळ निम्म्यावर आला. बातमी चांगली आहे. पण ती वाचून कोणी औषधाच्या दुकानातून माशाच्या तेलाच्या गोळ्या आणून फोडून बाळाच्या तोंडात घालू नयेत. ते मिश्रण वेगळे, मात्रा वेगळी, आणि देणारे हात शिकलेले.

तशीच गोष्ट गाजराची. गाजर, शेवग्याचा पाला, लाल माठ, पपई यांत जीवनसत्त्व 'अ' देणारा अंश असतो आणि तो मिळाला नाही तर रातांधळेपणा येतो, हे आपण शाळेपासून ऐकतो. ते खरेच आहे. म्हणून तर नवव्या महिन्याला गोवरच्या लसीबरोबर 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोस देतात आणि पाच वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी देत राहतात. पण तो आजार वेगळा आणि हा वेगळा. आर.ओ.पी. गाजराने बरा होत नाही, कोणत्याही थेंबांनी, काढ्याने, चाटणाने होत नाही.

मध, गुटी, साखरेचे पाणी, गाईचे पातळ केलेले दूध यांतले काहीही कमी दिवसांच्या बाळाला देऊ नये. काजळ घालू नये. काजळाने डोळे मोठे होत नाहीत, जंतू मात्र आत जातात. दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा, ताईत, मीठमोहऱ्या हे तर आपण १९५६ सालीच मागे टाकले, असे आम्ही समजतो. तरी पाचव्या रात्री सटवाई कपाळी लेख लिहून जाते, अशी कुजबुज काही घरांत अजून ऐकू येते. या बाळांचा डोळ्यांचा लेख पाचव्या रात्री नव्हे, चौथ्या आठवड्यात ठरतो, आणि तो वाचणारा माणूस नेत्रतज्ज्ञ असतो. "सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही" हीसुद्धा निव्वळ भाकडकथा. बाळ जितके जास्त दिवस पोटात राहील तितके ते सुरक्षित, हा सरळ हिशेब.

बाळंतिणीला पथ्याच्या नावाखाली आठ-आठ दिवस नुसता भात आणि तूप देणारी घरे आहेत. तिला डाळ द्या, भाकरी, अंडे, पालेभाजी द्या. बांगडा आणि तारली हे स्वस्त मासे आहेत आणि त्यांत डोळ्याला व मेंदूला लागणारी स्निग्ध द्रव्ये भरपूर असतात. ती दुधातून बाळाला मिळतात. अळिवाची खीर, मेथीचे लाडू अवश्य द्या, पण त्यांच्या जोरावर जेवण कमी करू नका. आणि बाळाला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून, जास्तीत जास्त वेळ धरू द्या. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ साली पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून ही रीत सुरू झाली, कांगारूप्रमाणे. बाळ उबेत राहते, दूध वाढते, वजन वाढते. आई थकली तर बापानेही धरावे. आमच्या पुरुष वाचकांना यात लाजण्यासारखे काय वाटते, हे आम्हाला कधी कळले नाही.

मुळात दिवस भरण्याआधी बाळंतपण होऊच नये, हे पाहिले पाहिजे. सगळी कारणे आपल्या हातात नसतात. जुळी असतात, रक्तदाब वाढतो, पाणमोट फुटते. पण पंडुरोग आणि जंतुसंसर्ग यांवर इलाज आहे, आणि मिश्री आपल्याच हातात आहे. मुंबईतल्या १२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. मिश्री-तंबाखूसारखे धूर नसलेले पदार्थ वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली. दात घासायला म्हणून जी चिमूट सकाळी हिरड्यांवर फिरते, ती थेट बाळापर्यंत जाते. सासूबाईंनी आधी आपला डबा बाजूला ठेवला तर सुनेचा आपोआप सुटेल.

दुसरी गोष्ट विश्रांतीची. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा देताना हीच बाजू मांडली होती. बाळंतपणाआधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, तेव्हा त्याचा भार सरकारनेही उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. २०१७ पासून कायद्याने सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, पण ती नोंदलेल्या नोकरीतल्या बाईला. घरकाम करणारी, मसाला कांडणारी, कचरा वेचणारी आपली भगिनी नवव्या महिन्यापर्यंत जिने चढते. तिच्या घरच्यांनी निदान पाण्याचे हंडे तरी तिच्या डोक्यावरून उतरवावेत.

तपासणी करून घेणे हा उपकार नव्हे, बाळाचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले आहे. चेन्नईच्या एका सरकारी इस्पितळात १९९६ साली एकोणतिसाव्या आठवड्यात १२५० ग्रॅमची मुलगी जन्मली. पेटीत राहिली, घरी गेली, पण डोळे तपासायचे असतात हे आईबापांना कोणी सांगितलेच नाही. कळले तेव्हा दृष्टी गेली होती. न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. रकमेने दृष्टी येत नाही, पण तेव्हापासून कार्डावर ती तारीख लिहिण्याकडे इस्पितळे अधिक लक्ष देतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला, त्याच्या यादीतही हा रोग आहे. कोणी सांगितले नाही, तर तुम्ही विचारा : "बाळाचा डोळ्याचा पडदा कधी तपासणार?" कार्डावर लिहून घ्या.

गावाला जायचेच असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. पुढची तपासणी कोणत्या जिल्हा रुग्णालयात किंवा नेत्र रुग्णालयात होईल, ते कार्डावर लिहून मागा. प्रत्येक ठिकाणी हे काम जाणणारा नेत्रतज्ज्ञ नसतो, म्हणून फोन करून खात्री करावी आणि मगच गाडीची तिकिटे काढावीत. डॉक्टरांनी "आता वाहिन्या पूर्ण झाल्या" असे सांगितल्यावर गाव, माहेर, नामकरण सारे करा. पुढेही या मुलांना चष्मा लागण्याचे, डोळा तिरळा होण्याचे प्रमाण जास्त असते. तेव्हा वर्षाचे झाल्यावर आणि शाळेत घालण्यापूर्वी पुन्हा दाखवावे.

ज्यांच्याकडे ही माहिती उशिरा पोहोचली, त्यांना दोन शब्द. दृष्टी गेलेल्या बाळाला कोपऱ्यात निजवून ठेवू नका. त्याच्याशी बोला, त्याच्या हाताला वस्तू लावा, त्याला रांगू द्या. जिल्हा किंवा महापालिका रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला काढा. शाळाही आहेत : दादरची कमला मेहता अंध शाळा मुलींसाठी १९०० सालापासून आहे आणि ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंध शाळा १९०२ सालापासून. प्रवेशाचे वय काय, कागद कोणते, हे मूल तीन वर्षांचे होण्याआधीच जाऊन विचारून यावे.